.३०३ रायफलमधील मॅगझिनचे अडथळे

.३०३ रायफलमधील मॅगझिनचे अडथळे म्हणजे बोल्ट पुढे ढकलल्यावर मॅगझिनमधील काडतूस चेंबरमध्ये नीट न जाणे, वाटेत तिरके होऊन अडकणे, मागेच राहून जाणे किंवा एकाच वेळी दोन काडतुसे पुढे येणे होय. 'थ्री नॉट थ्री' या नावाने भारतात ओळखली जाणारी ली-एनफिल्ड बनावटीची ही बोल्ट-ॲक्शन रायफल विसाव्या शतकात दीर्घकाळ राज्य पोलीस दलांचे नित्याचे शस्त्र होती. ही रायफल दणकट म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. मात्र तिचे मॅगझिन हा तिच्या रचनेतील सर्वांत नाजूक भाग आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यासारख्या दाट जंगलाच्या व दीर्घ पावसाळ्याच्या प्रदेशात पत्र्याच्या या लहानशा पेटीची देखभाल हा शस्त्रधारकाच्या जिवाशी निगडित प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

बोल्टच्या खाली बसणाऱ्या पेटी-मॅगझिनची कल्पना स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाची. त्याने १८७९ मध्ये तिचे पेटंट घेतले. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड व १८९५ मध्ये ली-एनफिल्ड ही रायफल स्वीकारली. आखूड नळीचा नमुना १९०३ मध्ये आला, तर १९०७ मधील मार्क तीन हा नमुना भारतात सर्वाधिक परिचित झाला. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात त्याचे उत्पादन झाले आणि स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. काडतुसांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा संबंध अधिक जवळचा आहे. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात .३०३ काडतुसे तयार होत. त्या काडतुसांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे उमटवलेली आढळतात.

मॅगझिनची रचना व कार्य

.३०३ रायफलचे मॅगझिन ही पोलादी पत्र्याची, सुटी होणारी पेटी असून तिच्यात १० काडतुसे डावी-उजवीकडे एकाआड एक अशी दोन रांगांत बसतात. पेटीच्या तळाशी घड्या घातलेली पट्टीची स्प्रिंग असते. तिच्यावर काडतुसांना वर ढकलणारी पट्टी, म्हणजे फॉलोअर बसतो. पेटीच्या वरच्या कडा आत वळवलेल्या असतात. शस्त्रागारात त्यांना 'लिप्स' म्हणतात. स्प्रिंगचा दाब काडतुसे वर उचलतो आणि लिप्स त्यांना ठरावीक उंचीवर अडवून धरतात. बोल्ट पूर्ण मागे ओढला की सर्वांत वरचे काडतूस त्याच्या वाटेत येते. बोल्ट पुढे जाताना त्याच्या बुडाला ढकलतो आणि काडतूस लिप्सखालून निसटून उतारावरून चेंबरमध्ये शिरते. बोल्ट बंद होताना एक्स्ट्रॅक्टरची नखी काडतुसाची कड पकडते. गोळी झाडल्यावर हीच नखी रिकामी पुंगळी बाहेर खेचते.

या क्रमात प्रत्येक टप्प्याला दोन गोष्टी जुळाव्या लागतात : काडतुसाची उंची आणि बोल्टची धाव. काडतूस किंचित खाली राहिले तर बोल्ट त्याच्यावरून निघून जातो. बोल्ट पुरेसा मागे आला नाही, तरीही तेच घडते. परिणाम एकच असला तरी पहिला दोष यंत्राचा आहे आणि दुसरा हाताचा. हा भेद न ओळखता मॅगझिनच्या लिप्स वाकवत बसणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

मॅगझिन सुटे होत असले तरी ते आजच्या स्वयंचलित शस्त्रांप्रमाणे वरचेवर बदलण्यासाठी बनवलेले नव्हते. सैनिकाला सहसा एकच मॅगझिन दिले जाई आणि ते त्याच्या रायफलला जुळवून दिलेले असे. भरणी वरून, पाच-पाच काडतुसांच्या चार्जर क्लिपने होई. म्हणूनच एका रायफलचे मॅगझिन दुसरीला बसते. पण चालेलच, असे नसते. शस्त्रागारात साफसफाईच्या दिवशी दहा-वीस मॅगझिने एका ढिगात काढून ठेवली आणि नंतर हाताला येईल ते मॅगझिन येईल त्या रायफलला लावले, तर धडधाकट रायफलीही 'बिघडलेल्या' ठरू शकतात.

रिमची अडचण

.३०३ काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली गोल चकती असते. तिला रिम म्हणतात. या रिममुळे काडतूस चेंबरमध्ये नेमक्या खोलीवर थांबते व पुंगळी खेचणे सोपे जाते. परंतु पेटीत काडतुसे एकावर एक रचताना हीच चकती आडवी येते. वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे राहिली, तर बोल्टने वरचे काडतूस ढकलताच ते खालच्याला आपल्याबरोबर ओढते, दोन्ही घट्ट अडकतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. याला 'रिमलॉक' असे म्हणतात.

हाताने एकेक काडतूस भरताना रिमलॉक टाळणे सोपे आहे : प्रत्येक नवे काडतूस आधीच्यापेक्षा थोडे पुढून आत ठेवून मागे सरकवावे म्हणजे त्याची रिम आपोआप पुढे राहते. चार्जरमध्ये पाच काडतुसे वर-खाली अशा आलटून-पालटून क्रमाने बसवलेली असल्याने चार्जर कोणत्याही टोकाकडून लावला तरी चालतो. पेटीत काडतुसांना पुढे-मागे सरकण्यासाठी थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. पेटीचा पत्रा चेपला, आत गंज चढला किंवा चिखल वाळून बसला की ती जागा उरत नाही आणि एरवी निर्धोक असणारी भरणी अडते. म्हणून वारंवार रिमलॉक होणाऱ्या रायफलमध्ये भरणाऱ्याच्या पद्धतीइतकीच पेटीच्या आतल्या भिंतींचीही तपासणी करावी लागते.

अडथळ्यांची लक्षणे व कारणे

काडतूस कोठे आणि कोणत्या स्थितीत अडकले आहे, हे न हलवता पाहिल्यास बहुतेक वेळा कारण समजते. गोंधळून बोल्टला झटके देणाऱ्याला हा पुरावा गमवावा लागतो.

काडतुसाचे टोक खाली झुकून चेंबरच्या तोंडाखालील भिंतीवर आदळत असेल, तर फॉलोअरचे पुढचे टोक पुरेसे वर येत नाही असे समजावे. स्प्रिंग पुढच्या बाजूने बसलेली असते, फॉलोअर वाकलेला असतो किंवा त्याच्याखाली कचरा साचलेला असतो. याउलट टोक अतिशय वर उठून चेंबरच्या वरच्या काठाला लागत असेल किंवा बोल्ट पोहोचण्यापूर्वीच काडतूस पेटीतून उसळून सुटे होत असेल, तर लिप्स फाकलेल्या असतात. मॅगझिन दगडावर पडल्यावर हा दोष विशेषकरून आढळतो. लिप्स आत दबल्या असतील तर उलट घडते. काडतूस सुटतच नाही, बोल्ट जड जातो आणि पुंगळीवर लांबट ओरखडे दिसतात.

बोल्ट काडतुसावरून सरकून रिकाम्या चेंबरवर बंद होणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणावा लागेल, कारण त्यात अडकल्याची कोणतीच जाणीव होत नाही. ली-एनफिल्डमध्ये बोल्ट बंद करताना कमान चढते. त्यामुळे हाताला नेहमीचाच दाब लागतो, चाप ओढल्यावर मात्र नुसता 'टक्' असा आवाज येतो. मॅगझिन कॅच झिजून पेटी काही अंशाने खाली लोंबत असल्यास असे होते. पेटी तळाकडून वर दाबून धरल्यावर रायफल व्यवस्थित चालली आणि हात काढताच पुन्हा चुकली, तर दोष कॅचमध्ये किंवा पेटीवरील तिच्या खाचेत आहे, हे निश्चित. शेवटच्या दोन-तीन काडतुसांनाच अडथळा येत असेल तर स्प्रिंग थकलेली असते. पूर्ण भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्याच काडतुसाला येत असेल तर रिमचा क्रम पाहावा.

बोल्ट अर्धवट मागे ओढण्याच्या सवयीला पोलीस प्रशिक्षणात फार महत्त्व दिले जाते, आणि ते रास्त आहे. आडवे पडून गोळी झाडणारा नवशिका बोल्ट गालाला लागेल या भीतीने तो शेवटपर्यंत मागे आणत नाही. मग पुंगळी बाहेर पडत नाही किंवा पुढचे काडतूस बोल्टसमोर येत नाही. याचेच दुसरे रूप म्हणजे दुहेरी भरणी : काडतूस चेंबरमध्ये ढकलले, पण बोल्ट खाली वळवून बंद केला नाही, नखीने रिम पकडली नसल्याने बोल्ट मागे नेल्यावर काडतूस आतच राहिले आणि दुसऱ्या धावेत पुढच्या काडतुसाचे टोक आतल्या काडतुसाच्या बुडावर आदळले. काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी स्फोटक टोपी असते. त्यामुळे अशा वेळी बोल्टवर जोर लावणे कटाक्षाने टाळावे लागते.

जुन्या मार्क तीन रायफलींमध्ये मॅगझिनवर सरकणारी एक आडवी पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझिन झाकले जाई आणि सैनिक एकेक काडतूस हाताने भरून मॅगझिनमधील साठा राखून ठेवी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती काढून टाकण्यात आली. ज्या रायफलींवर ती शिल्लक आहे, तेथे 'मॅगझिन भरलेले असूनही काडतूस येत नाही' या तक्रारीचे उत्तर कित्येकदा ही पट्टी बाहेर ओढण्याइतकेच सोपे असते.

निदानाची पद्धत

प्रथम रायफलचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोट चापापासून दूर घ्यावे, मॅगझिन काढावे, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा. चाप ओढूनही काडतूस फुटले नसेल, तर बोल्ट लगेच उघडू नये. साठवणीत जुने झालेले काडतूस क्षणभर उशिरानेही फुटू शकते; किमान अर्धा मिनिट रायफल त्याच दिशेला धरून थांबण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. पुढील सर्व तपासणी जिवंत काडतुसांनी न करता दारू व टोपी नसलेल्या सरावाच्या काडतुसांनी करतात.

त्यानंतर अडथळ्याचा उगम मॅगझिनमध्ये, काडतुसात, बोल्टमध्ये की हाताळणीत आहे, हे वेगळे काढले जाते. त्याच रायफलला चालू स्थितीतील दुसरे मॅगझिन लावून पाहणे ही सर्वांत जलद चाचणी होय. अडथळा नाहीसा झाला तर मॅगझिन दोषी. कायम राहिला तर तेच मूळ मॅगझिन दुसऱ्या व्यक्तीच्या हाती देऊन बोल्ट चालवून पाहतात. फॉलोअर बोटाने दाबून सोडल्यावर तो न अडखळता, सपाट वर आला पाहिजे. मध्येच अडला तर पेटीचा पत्रा चेपलेला आहे. चेंबरमध्ये पुंगळी मागे राहत असेल तर मॅगझिनचा काही संबंध नसतो. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग किंवा नखी झिजलेली असते, अथवा चेंबर गंजून खरबरीत झालेला असतो. तक्रार मात्र पुष्कळदा 'मॅगझिन अडते' अशीच येते, कारण वापरणाऱ्याला दिसते ते पुंगळीवर आदळलेले नवे काडतूस.

लिप्स सरळ करणे हे आर्मोररचे काम आहे. मापक हत्यार व जुळणीसाठी सरावाची काडतुसे हाताशी घेऊन तो केसभर फरक करत जातो. पकडीने एका झटक्यात वाकवलेला पत्रा पुन्हा मूळ आकारात क्वचितच येतो आणि वारंवार वाकवल्यास त्याला तडा जातो. वापरणाऱ्याने स्वतः करावयाच्या गोष्टी याहून साध्या आहेत : फॉलोअर मागून दाबून, पुढून वर उचलून बाहेर काढणे, पेटी कोरड्या फडक्याने पुसणे, गंजाचे डाग काढणे आणि तेलाचा अगदी पातळ हात देणे.

एटापल्ली परिसरातील परिस्थिती

एटापल्ली हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असून एटापल्ली तालुक्यात प्रामुख्याने माडिया गोंड समाजाची वस्ती आहे. गट्टा, जारावंडी, कसनसूर यांसारखी पोलीस मदत केंद्रे जंगलात खोलवर आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की अनेक गावांचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी नादुरुस्त शस्त्र जिल्हा मुख्यालयातील आर्मोररकडे पाठवणे म्हणजे केवळ कागदोपत्री सोपस्कार नसतो, आणि म्हणूनच जागेवर करता येणाऱ्या निदानाला येथे अधिक मोल आहे.

जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणामुळे पोलादावर झपाट्याने गंज धरतो. नळीकडे सर्वांचे लक्ष असते. मॅगझिनची आतली बाजू मात्र दिसत नसल्याने दुर्लक्षित राहते. रायफलच्या लाकडी भागात ओलावा मुरून तो फुगतो आणि त्याचा परिणाम पेटीच्या बैठकीवर होऊ शकतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला व्यवस्थित बसणारे मॅगझिन श्रावणात घट्ट होते, ते याच कारणाने. उन्हाळ्यातील संकट वेगळे. कच्च्या रस्त्यांवरील बारीक धूळ जादा तेलात मिसळून तिचा लगदा होतो आणि फॉलोअर जड चालतो. पावसाळ्यात तेल कमी पडल्याने व उन्हाळ्यात ते जास्त झाल्याने एकाच रायफलमध्ये एकसारखाच अडथळा येतो, ही गोष्ट नव्या कर्मचाऱ्यास सहसा लवकर पटत नाही. चेंबर व काडतुसे मात्र कोणत्याही ऋतूत कोरडीच असावी लागतात. त्यांना तेल लागल्यास गोळी झाडताना बोल्टवर पडणारा मागचा दाब वाढतो.

.३०३ च्या जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाचे क्षार गोळीबारानंतर नळीत व चेंबरमध्ये उरतात. ते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि दमट हवेत अल्पावधीतच गंज सुरू होतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. यासाठी गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची, ती कोरडी करून मगच चिंधीने तेल देण्याची पद्धत सैन्यात रूढ होती. ही पायरी टाळल्यास चेंबर खरबरीत होतो, पुंगळी चिकटते आणि मग दोष मॅगझिनवर ढकलला जातो.

या परिसरातील गावांमध्ये पूर्वापार आढळणाऱ्या भरमार बंदुकींना मॅगझिनच नसते. दारू व छर्रे तोंडाकडून ठासून भरल्या जाणाऱ्या या बंदुकींचा मुख्य शत्रू ओली दारू हाच असतो. गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर अशा अनेक बंदुकी ग्रामस्थांनी पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

सारख्या दिसणाऱ्या शस्त्रांची गल्लत

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतरच्या काळात ईशापूर येथे याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटरची २ए व २ए१ ही रायफल तयार करण्यात आली. तिचे काडतूस बाहेर आलेल्या रिमविना असते. त्यामुळे रिमलॉकचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी असून त्यात १२ काडतुसे मावतात. ते .३०३ मध्ये किंवा .३०३ चे मॅगझिन तिच्यात वापरू नये. एकाच शस्त्रागारात दोन्ही प्रकार असतील तर नळीवरील वा मॅगझिनजवळील खूण वाचूनच काडतुसे द्यावीत. दुरून पाहणाऱ्याला त्या रायफली जुळ्या वाटतात.

नागरिकांसाठी ईशापूरने .३१५ बोअरची रायफल बनवली. सैन्याच्या बोअरची शस्त्रे सामान्य परवान्यावर बाळगण्यास मनाई असल्याने हा वेगळा बोअर प्रचारात आला. हिचे काडतूसही रिम असलेले असून मॅगझिन पाच काडतुसांचे असते. वर दिलेली रिमलॉकची व लिप्सची चिकित्सा तिलाही जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. ली-एनफिल्डच्याच घडणीच्या .२२ सराव-रायफलींतील एका प्रकारात मॅगझिनची पेटी दिसते, पण तिच्यात स्प्रिंग किंवा फॉलोअर नसतो. ती केवळ रिकाम्या पुंगळ्या झेलण्यासाठी असते. काडतूस दर वेळी हाताने भरावे लागते, हे माहीत नसलेला विद्यार्थी तीत काडतुसे भरू पाहतो.

कायदेशीर बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना शस्त्र बाळगता येत नाही आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५ अन्वये शस्त्र दुरुस्तीचा व्यवसाय करण्यासही परवाना लागतो. गावातील लोहाराकडून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून मॅगझिन नीट करून घेणे म्हणूनच दुहेरी जोखमीचे आहे. परवानाधारकाने ते परवानाप्राप्त शस्त्र विक्रेता वा दुरुस्तीकाराकडेच नेले पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असल्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात खासगी रायफलचा एके काळचा मुख्य उपयोग संपुष्टात आला आहे.

वापराचा उत्तरार्ध

गडचिरोलीत १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी नक्षलविरोधी कारवायांसाठी सी-६० हे स्थानिक तरुणांचे पथक उभारले. या पथकाकडे आधुनिक स्वयंचलित शस्त्रे आली. घनदाट झाडीत अचानक होणाऱ्या चकमकीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट चालवावा लागणारी रायफल अपुरी पडते, मग तिचे मॅगझिन कितीही निर्दोष असो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हा मुद्दा राज्यभर चर्चिला गेला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. त्यानंतरच्या टीकेत शस्त्राचे वय, काडतुसांचा व सरावाचा अभाव आणि मुळातच शस्त्राची मर्यादा या वेगवेगळ्या गोष्टी अनेकदा एकत्र मिसळल्या गेल्या. वस्तुतः त्यांचे उपाय निरनिराळे आहेत : देखभालीने पहिली, तरतुदीने दुसरी दूर होते, तिसरीला शस्त्र बदलण्यावाचून पर्याय नाही.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ रायफलला औपचारिक निरोप दिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणे येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे, तर ईशापूरचा रायफल कारखाना ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेला.